आखाजीला माणसं मागायला गेले त्याची हकीकत

खान्देशात वैशाखाच्या तोंडावर जाऊ नये, असं मला पाच जणांनी सांगितलं होतं. तरी मी गेले, कारण तारीख मीच काढली होती.

त्याचं असं झालं. पुण्यात स्थायिक झालेल्या काही खान्देशी मंडळींनी जळगावच्या व्यापाऱ्यांना हाताशी धरून एक प्रसार मंडळ काढलं होतं. खान्देशातली केळी, डाळी, पापड, तिथलं खाणंपिणं हे बाहेरच्या खरेदीदारांच्या नजरेत भरावं, एवढाच हेतू. मी त्या मंडळाच्या पुण्याच्या कचेरीत होते. माणसं नेमायची, कार्यक्रम आखायचे आणि ते पार पाडायचे, हे माझं काम. मी मूळची चिपळूणची. खान्देशाशी माझा संबंध तुरीच्या डाळीपुरता. पण याद्या करण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि हे मी स्वतःच लोकांना सांगत असे.

त्या वर्षी जळगावात तीन दिवसांचा मेळावा भरवायचं ठरलं. मुंबई, सुरत, इंदूरचे खरेदीदार येणार होते. त्यांच्यापुढे बायका चुलीवर मांडे करून दाखवणार, हे मुख्य आकर्षण. तारखेची चर्चा सुरू झाली तेव्हा मी म्हटलं, अक्षय्य तृतीया धरा. साडेतीन मुहूर्तांपैकी एक, वर सुट्टी. आम्ही त्या दिवशी गुंजभर सोनं घेतो, आमरस-पुरी खातो आणि दुपारी आडवे होतो. बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या. आमचे अध्यक्ष जळगावचे, डाळमिलचे मालक. ते म्हणाले, "मुहूर्त उत्तम आहे." घरात सणाचं कोण कुठे असतं, पोळ्या कोण लाटतं, हे त्या बैठकीतल्या एकाही पुरुषाला ठाऊक नव्हतं. मला तर नव्हतंच.

असोदा, होळीनंतर

माणसं नेमायला मी महिना-दीड महिना आधीच एक खेप केली. असोदा हे जळगावला लागूनच असलेलं मोठं गाव. एसटीतून उतरलं की दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, आणि बागांच्या आत जी सावली असते तशी सावली जळगाव शहरात कुठेही नाही. गावात मांडे करणाऱ्या बायका पुष्कळ, असं कळलं होतं. मी एकटीच गेले, वही काढली आणि घरोघर फिरून तीस नावं लिहून घेतली.

मांडा म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. पुरणपोळीच, पण लाटायची नाही. कणीक इतकी सैल तिंबायची की ती हातावरून ओघळते. पुरण भरून ती दोन्ही हातांवर झुलवत झुलवत मोठी करायची, कोपरापर्यंत येईल एवढी, आणि चुलीवर उपडं घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद टाकायची. मोदकाच्या कळ्या काढण्यावरून आम्ही कोकणातल्या बायका उगीच मिरवतो, असं मला तिथे पहिल्यांदा वाटलं. एका घरात तरुण सुनेने माझ्यासमोर एक मांडा केला. तो खाली पडणार म्हणून मी दोनदा ओरडले आणि ती दोन्ही वेळा हसली.

प्रत्येकीला मी इंग्रजी महिन्यातली तारीख सांगितली. "येणार ना?" असं विचारलं. प्रत्येकीने "येऊ की" म्हटलं. मी नावापुढे खूण केली.

दुसऱ्या दिवशी जळगावच्या कचेरीत ती यादी मी निर्मलाला दाखवली. निर्मला ही आमची तिथली संघटक. सव्वीस-सत्तावीस वर्षांची, लूनावरून फिरणारी, बोलायला मोजकी. ती असोद्याचीच सून होती. नेमणूक तात्पुरती होती आणि मेळावा झाल्यावर तिला कायम करायचं की नाही, हे माझ्या शेऱ्यावर ठरणार होतं. तिने यादी वरपासून खालपर्यंत वाचली.

"ताई, यातली एकही त्या दिवशी असोद्यात नसेल."

"म्हणजे काय? मी स्वतः विचारलंय. हो म्हणाल्यात सगळ्या."

"तुम्ही तारीख सांगितलीत. त्या दिवशी आखाजी आहे हे सांगितलंत का?"

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. मी म्हटलं, "अगं, म्हणून तर तो दिवस घेतला. सुट्टी असते."

"आखाजीला आमच्याकडे सुना माहेरी जातात," ती म्हणाली. पुढचं ती एका दमात बोलली, "आणि मलाही रजा हवी आहे, ताई. वडील पौषात गेले. त्यांची ही पहिली घागर आहे. भडगावला मला जायलाच हवं."

घागर म्हणजे काय, ते तिनेच सांगितलं. आखाजीला पितरांच्या नावाने मातीची घागर पाण्याने भरतात. तिच्यावर खरबूज ठेवतात, पूजा करतात, विस्तवावर घास टाकून पितरांना जेवू घालतात. दुपार टळायच्या आत हे सगळं व्हावं लागतं. घागर मुलगा भरतो, पण गेलेल्या माणसाच्या पहिल्या घागरीला लेक हवीच. ती नसेल तर बापाला ती दिसणार कशी?

मला वाईट वाटलं, पण वेळापत्रकात बसेल इतकंच. पत्रिका छापायला गेल्या होत्या. संघटक उद्घाटनाला नाही म्हटल्यावर मी अध्यक्षांना काय सांगणार? आणि बायका माहेरी जातात म्हणजे चार-दोन जात असतील, सगळं गाव थोडंच उठून जातंय, असं मला वाटलं. मी म्हटलं, "बघू."

निर्मलाने वही मिटून मला परत दिली. दुपारी तिने मला शेवभाजी आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी खायला घातली. भाजीच्या तिखटाने माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिने ताकाचं भांडं पुढे सरकवलं.

पुन्हा असोदा

मेळाव्याच्या दोन दिवस आधी मी परत जळगावात उतरले. सकाळचे नऊ वाजले होते आणि रिक्षाच्या दांडीला हात लावला तर चटका बसला. माणसं कानांभोवती पांढरे रुमाल गुंडाळून फिरत होती. दुपारी बारानंतर रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. उद्घाटन सकाळी दहाचं ठेवलं म्हणून जळगावची माणसं माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती, तिचा अर्थ मला तेव्हा कळला. उन्हाळ्यात इथले कार्यक्रम दिवस मावळल्यावर होतात.

बायकांना शेवटच्या सूचना द्यायच्या म्हणून मी आंब्यांची एक करंडी घेऊन असोद्याला गेले. पहिल्याच घरात वहीत बघून हाक मारली, "कल्पना आहे का?"

"माहेरी गेली. एरंडोलले."

"मग या कोण?" पडवीत खाटेवर एक तिशीची बाई पाय सोडून बसली होती.

"ही माही लेक. भुसावळहून आली."

दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरीही तेच. सात घरं झाल्यावर मी वही मिटली. घरं तीच, चुली त्याच, सासवा त्याच, फक्त मधली सगळी फळी बदलली होती. सुना गेल्या होत्या आणि लेकी आल्या होत्या. माझी पाचावर धारण बसली.

निर्मलाच्या सासूला गावात सोनाअक्का म्हणतात. साठीची, काळी, काटक बाई. मी तिच्या ओट्यावर टेकले आणि म्हटलं, "अक्का, सुना नाहीत तर नाहीत. तुमच्या लेकींना मांडे येत असतील ना?"

"येतेत ना. माह्याच हाताखाली शिकल्या," ती म्हणाली.

"मग त्यांनाच घेऊन जाते."

सोनाअक्काने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिच्या घरातली चूल उचलून न्यायला आले होते. "बाई, लेकीले काम सांगू का मी? वर्सातून चार दिस येते ती. पानी बी हातात देते मी तिले."

ते खरंच होतं. कोपऱ्यावरच्या लिंबाला झोका बांधला होता आणि दोन-दोन पोरांच्या आया त्यावर उभ्या राहून, पदर खोचून, किंचाळत झोके घेत होत्या. खाली सासरहून आलेल्या आणखी दहा जणी पाळी येण्याची वाट बघत होत्या. आमच्याकडे गौरी-गणपतीला लेक माहेरी येते ती पिशवी ठेवते आणि नारळ खवायला बसते. तिला कुणी सांगत नाही, आणि ऊठही म्हणत नाही. माहेरी येऊन नुसतं बसायचं असतं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

मी नेलेल्या आंब्यांना कुणी हात लावला नाही. आग्रह केला तर सोनाअक्का म्हणाली, पितरांना दाखवल्याशिवाय या वर्षीचा आंबा तोंडात घालायचा नसतो. करंडी तिने कोपऱ्यात सरकवली.

तिच्या घरात निर्मला मात्र होती, कारण माझं ‘बघू’ अजून ‘हो’ झालं नव्हतं. अख्ख्या असोद्यात माहेरी न गेलेली बहुधा ती एकच सून. तिचा भाऊ सुरेश तिला न्यायला भडगावहून आदल्या दिवशीच आला होता. आखाजीला बहिणीला न्यायला भाऊ येतो, त्याला मुराळी म्हणतात. मुराळ्याने एकट्याने परतायचं म्हणजे गावात मान खाली घालून जायचं. तो टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता. त्याने मला नमस्कार केला आणि काहीही मागितलं नाही. तेच मला जास्त जड गेलं.

धुळे

कुणी तरी म्हणालं, धुळ्याकडे बघा, तिकडे मोठं महिला मंडळ आहे. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने मी धुळ्याला निघाले. बुडत्याने हात मारावेत तसा प्रकार.

ती एसटी मी विसरणार नाही. एरंडोल, पारोळा, प्रत्येक थांब्यावर मुराळी आणि त्यांच्या बहिणी चढत होत्या. प्रत्येकीबरोबर पत्र्याची पेटी, मांडीवर पोर, आणि निम्म्यांच्या पिशवीत खरबूज. पारोळ्यानंतरच्या एका वळणावर एक पिशवी उसवली आणि खरबुजं सीटखालून पुढेमागे घरंगळायला लागली. कंडक्टर तिकिटं सोडून ती गोळा करत फिरला. "ज्याचं त्याने ओळखून घ्या," असं तो ओरडला आणि खरंच प्रत्येक बाईने आपलं ओळखून घेतलं. कसं ओळखलं, देव जाणे.

शेजारी एक सालदार बसला होता. सालदार म्हणजे वर्षाच्या करारावर शेतात राबणारा गडी. त्याच्याकडून मला नवीन ज्ञान मिळालं. गड्यांचं साल आखाजीला संपतं आणि त्याच दिवशी नवं ठरतं, त्यामुळे त्या दोन-तीन दिवसांत कुणीही गडी कुणाचाच नसतो. मी मेळाव्यासाठी मांडवाच्या राखणीला आणि सामान हलवायला जे बारा गडी ठरवले होते, ते सगळे सालदार होते. मी खिडकीबाहेर बघत बसले. कापूस निघून गेलेली काळी जमीन, भेगाळलेली, आणि दूरवर सातपुड्याची धुरकट रेघ. हसावं की रडावं कळेना.

धुळ्याच्या त्या महिला मंडळाला कुलूप होतं. शेजारच्या घरातल्या एका प्रौढ शिक्षिकेने मला आत बोलावलं, वाळ्याचं पाणी दिलं आणि माझं सगळं ऐकून घेतलं. मग ती इतकी हसली की तिचा चष्मा नाकावरून घसरला.

"आखाजीला माणसं मागताय? अहो, तुम्ही पुण्यात दिवाळीच्या पाडव्याला बायकांना कामावर बोलवाल का?"

"नाही."

"मग? तारीख कुणी काढली ही?"

"आमच्या मंडळाने," मी म्हणाले. मी काढली, हे सांगायची लाज वाटली.

तिने मला जेवू घालूनच सोडलं. साधं वरण-बट्टीचं जेवण, वर तुपाची धार. बट्टी फोडताना ती म्हणाली, "सासवांना विचारलंत का? लेकीला काम सांगता येत नाही, सून घरात नाही. हात रिकामे नसले तरी घरात उभी असलेली बाई तेवढीच." हे मला दोन दिवसांत सुचलं नव्हतं.

असोदा, सौदा

धुळ्याहून परतले ती थेट असोद्याला. उन्हं कलली होती. सोनाअक्का ओट्यावर कुरडया उलटत होती. मी कसलीही प्रस्तावना केली नाही. "अक्का, उद्या तुम्ही आणि तुमच्या वयाच्या पंधरा-वीस जणी आल्या नाहीत तर माझी अब्रू जाईल."

"तुही जाईन," ती शांतपणे म्हणाली. "आमचं काय?"

मी ओट्याच्या कडेवर टेकले.

"आमच्या लेकी घरी बसेल, आनि आम्ही जयगावात चुली फुंकाच्या. सनाच्या दिवशी." तिने एक कुरडई उचलून उन्हाकडे धरून पाहिली. "येतो आम्ही. लेकीले सांगते मी, एक दिस हातानं वाढून घे. पन माही एक गोष्ट ऐक. माह्या सुनेले सकाळीच धाड भडगावले. तिच्या बापाची घागर हाये."

सासू सुनेच्या माहेरच्या रजेसाठी माझ्याशी सौदा करत होती. निर्मला दारात उभी होती. तिची नजर माझ्यावर होती आणि सासूकडे ती बघतसुद्धा नव्हती.

आता खरं सांगते. त्या क्षणी मी "हो, पहिल्या गाडीने जाऊ दे" म्हणायला हवं होतं. पण पाहुण्यांशी हिंदीतून बोलणारी, या म्हाताऱ्यांना त्यांच्या बोलीत समजावणारी, कोण कुठला व्यापारी हे तोंडपाठ असणारी ती एकटीच होती. मला भीती वाटली. मी म्हणाले, "दहाला उद्घाटन. अकराला अध्यक्षांच्या जीपने पाठवते. साडेबारापर्यंत पोचेल."

सोनाअक्काने निर्मलाकडे पाहिलं. निर्मला म्हणाली, "चालेल, आत्याबाई. एक वाजेपर्यंत दादा थांबवून धरेल." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "अकरा म्हणजे अकरा, ताई."

"अकरा म्हणजे अकरा," मी म्हणाले.

जळगाव, आखाजी

सकाळी सातला ट्रॅक्टरची ट्रॉली मांडवाशी येऊन थांबली. तिच्यातून अठरा म्हाताऱ्या उतरल्या, नऊवारी खोचून, प्रत्येकीच्या हातात आपापलं खापर, फडक्यात बांधलेलं. मंडळाने आणलेल्या नव्या खापरांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. गड्यांच्या जागी अध्यक्षांनी डाळमिलचे हमाल दिले होते. अर्ध्या तासात नऊ चुली पेटल्या. बाहेर आधीच अंगाची लाही होत होती, त्यात ह्या चुली. पण त्यांचे हात असे चालत होते की मी माझी वही कुठे ठेवली तेच विसरले.

सुरेश आठ वाजेपर्यंत मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता. घागर त्याने भरायची, त्यामुळे त्याला थांबणं शक्य नव्हतं. जाताना तो बहिणीला म्हणाला, "निमे, मी पुढे होतो. आईला सांगतो तू येतेस म्हणून." आणि तो एकटाच स्टँडकडे चालत गेला. निर्मला त्याच्या मागे दहा पावलं गेली आणि परत आली.

दहा वाजले. प्रमुख पाहुणे मुंबईचे बडे निर्यातदार. सकाळच्या गाडीने उतरले होते आणि अध्यक्षांच्या घरी आंघोळ करत होते. साडेदहाला निरोप आला, पाहुणे नाश्ता घेतायत. पावणेअकराला निरोप आला, पाहुणे सराफ बाजार बघायला गेलेत, मुहूर्ताचं सोनं घ्यायचंय. जीप त्यांच्याबरोबर.

अकरा वाजता सोनाअक्काने हातावरचा मांडा खापरावर टाकला, चुलीपाशी उकिडवी बसल्या बसल्याच वळली आणि म्हणाली, "बाई, अकरा."

"येतीलच आता अक्का. पाच मिनिटं."

"जीपचं नाही म्हनत मी. तिले रिक्षात बसव, स्टँडवर धाड."

ते करता आलं असतं. साडेअकराची गाडी होती. मला ठाऊक होतं. पण पाहुणे आल्यावर माझ्याशेजारी निर्मला नसेल, या विचाराने मला घाम फुटला. मी निर्मलाला म्हणाले, "फक्त पाहुणे आत येईपर्यंत. एवढं कर माझ्यासाठी. त्याच जीपने लगेच निघ, एसटीच्या आधी पोचशील."

ती नाही म्हणू शकत नव्हती. तिचं कायम होणं माझ्या हातात होतं, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. त्यामुळे ही विनंती नव्हतीच. चुलींभोवतीच्या बायकांनी सगळं ऐकलं. कुणीही हात थांबवला नाही, पण एकेकीने माझ्याकडे पाठ फिरवली.

पाहुणे पावणेएकला आले. निर्मला त्यांना प्रत्येक चुलीपाशी घेऊन गेली. कणीक कशी तिंबतात, खापर किती तापवतात, सगळं हसतमुखाने सांगत होती. पाहुण्यांनी मांड्याचा तुकडा आमरसात बुडवून खाल्ला आणि टाळ्या वाजवल्या. फोटो निघाले. ती जीपमध्ये बसली तेव्हा सव्वा वाजून गेला होता. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

मेळावा छान झाला. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, तसंच झालं. खरेदीदार तिन्ही दिवस आले. दुसऱ्या दिवसापासून लेकींनीच म्हणे आयांना सांगितलं, आम्ही येतो बघायला, आणि त्या मांडवात येऊन बसल्या. काही केलं नाही, नुसत्या बसल्या, आणि आयांनी त्यांना गरम मांडे वाढले. अध्यक्षांनी माझी सगळ्यांसमोर तारीफ केली. मी त्यांना तिथल्या तिथे निर्मलाच्या कायम नेमणुकीचं पत्र टाइप करून दिलं आणि सही घेतली. त्यांनी वाचलंसुद्धा नाही.

सोनाअक्का जाताना माझ्यापाशी आली. शिव्या देईल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "आंबे आनले व्हते ना तू. आमच्या पितरांले दावले. गोड व्हते." आणि ट्रॉलीत चढली.

भडगाव

परतीची गाडी मला चाळीसगावहून धरायची होती आणि भडगाव वाटेवरच आहे. नसतं तरी मी गेले असते. गिरणेच्या पुलावरून एसटी गेली तेव्हा खाली पाणी नव्हतं, नुसती वाळू, आणि वाळूत खोदलेल्या झिऱ्यांवर बायका वाटीवाटीने पाणी भरत होत्या. स्टँडवरून विचारत विचारत घर गाठलं. साधं माळवदाचं घर, दारात लिंब, लिंबाला झोका. झोक्यावर निर्मला बसली होती. केसांना तेल लावलेलं, पाय अनवाणी. मला बघून ती उठायला लागली, तशी आतून तिची आई म्हणाली, "तू बैस व, मी देखस."

आईने मला पाट दिला, पाणी दिलं. घरात घागर अजून होती, भिंतीशी, कोरी लाल. मी तिच्याकडे बघितलं आणि मग विचारलंच, "निर्मला वेळेवर पोचली का हो?"

आईने डोक्यावरचा पदर सारखा केला. "नही ना, ताई. बठ्ठा जण वाट दखत व्हतात. दीड वाजा. भटजी थांबेना. सुरेशनी भरी दिन्ही घागर." ती सहज बोलत होती, जशी एखादी गाडी चुकल्याची गोष्ट सांगावी. "मी तिना बापले सांगं, पोर कामवर शे, येवाले उशीर व्हई, रागे भरू नको."

इतकी वर्षं मी लोकांच्या रजा मंजूर केल्या, नामंजूर केल्या, आणि एकीचंही घर पाहिलं नव्हतं. मी म्हणाले, "चूक माझी आहे, आई. तिची नाही. मीच तिला थांबवलं."

"तुम्ही पहिले जेवी ल्या," ती म्हणाली आणि आत ताट वाढायला गेली.

मी बाहेर झोक्यापाशी आले. पत्र पुढे केलं. निर्मलाने ते उघडलं, पूर्ण वाचलं, अध्यक्षांची सही बघितली आणि घडी घातली. आनंद झाला असावा. दाखवला नाही. माझ्यासमोर दाखवायचं काही कारणही नव्हतं.

"मला माफ कर, निर्मला," मी म्हणाले. "अकरा म्हणजे अकरा म्हटलं होतं मी."

"हो. म्हटलं होतंत."

एवढंच. तिने पायाने झोक्याला हलकासा रेटा दिला. मग म्हणाली, "ताई, मी आणखी आठ दिवस इथे राहणार आहे."

"राहा की. मी पुण्याला गेल्यावर रजा मंजूर—"

"मी विचारत नाहीये, ताई. सांगतेय. आणि पुढच्या वर्षीची तारीख मी काढणार."

मी "बरं" म्हणाले. आतून आईने जेवायला हाक मारली. मी हातपाय धुऊन पाटावर बसले, शेजारी घागर. दोन तासांसाठी मी तिच्या बापाला लेक दिसू दिली नव्हती, आणि तिला अडवलं ते माझ्या सोयीसाठीसुद्धा नव्हतं. ती नुसती भीती होती.